झालंय असं धरून

९ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पोचले. गाडी टेकडीच्या पायथ्याशीच थांबते, शेवटची चढण सामान घेऊन चालावी लागते. वर आले तेव्हा माझी जीभ बाहेर आली होती आणि फाटकातल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "श्वास कुठे आहे तुमचा?" मी म्हणाले, खालीच राहिला बहुतेक. त्या हसल्या नाहीत. इथे फारसं कोणी हसत नाही, पण सगळ्यांचे चेहरे हसरे आहेत. कळतंय ना मी काय म्हणते ते?

फोन आल्या आल्या काढून घेतात आणि ऑफिसातल्या कपाटात ठेवतात. वर्ष संपलं की परत. तोवर पत्रं. ऑफिसात एक फोन आहे, पण तो अगदीच अडचणीसाठी. खोलीत एक खाट, एक ब्लँकेट आणि एक खिडकी. भिंती कोऱ्या. लग्न मोडल्यापासून प्रथमच मला अशी जागा मिळालीय जिथे मला कोणी काही विचारत नाही.

इथल्या वर्षभराच्या योगशिक्षणाला आलेल्यांत आम्ही तिघी आधीपासून शिकवणाऱ्या आहोत. वर्ष पार पडलं की मोठ्या बाई, हे केंद्र चालवणाऱ्या, तिघींतल्या एकीला मुख्य शिक्षिका करणार. मधेच घरी गेलेलीला त्यात धरत नाहीत. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही.

इथली एक पद्धत तुला सांगायचीय. रोज सराव संपला की आम्ही आडव्या होतो, उजवा हात छातीवर ठेवतो आणि आपापला संकल्प मनात तीनदा म्हणतो. मोठ्या बाईंचा दंडक असा, की संकल्प म्हणजे मागणं नव्हे. 'मला अमुक मिळू दे' म्हणायचंच नाही. मिळालंय, झालंय असं धरून म्हणायचं. गुडघे दुखत असतील तर म्हणायचं, माझे गुडघे हलके आहेत. आणि मनापासून म्हणायचं, पोपटपंची नको. तूही करून बघ. लहानपणी तुला डोळे मिटायला सांगितलं की एक डोळा उघडा ठेवून गरगर फिरायचीस, म्हणून तर भिंगरी नाव पडलं. आता तरी दोन्ही मीट.

बाबांना सांग, मी नीट पोचले. त्यांचा खोकला कमी झाला का?

तुझी,
ताई


२१ जानेवारी

ताई,

तुझं पत्र बाबाला वाचून दाखवलं. 'खालीच राहिला बहुतेक' याला तो इतका हसला की ढास लागली. ती थांबल्यावर तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. एक विचारू? तू 'बाबांना', 'त्यांचा' कधीपासून म्हणायला लागलीस? तो म्हणाला, "ही कोणाच्या बाबांबद्दल लिहितेय?"

खोकला कमी झालेला नाही. तू गेलीस आणि लगेच हवेचं मशीन घरी आणावं लागलं. जुन्या फ्रिजसारखं घरघरतं. डॉक्टर म्हणाले, जन्मभर पाट्या रंगवल्या, तो थिनर आणि तो फवारा सगळा आत गेला, आता फुप्फुसं फुगत नाहीत. आडवा झाला की गुदमरतो, म्हणून बसूनच झोपतो. उशा सरकायच्या, म्हणून मी त्याच्या पाठीमागे पाटी लावलीय. तीच ती, तुझ्या पहिल्या वर्गासाठी त्याने रंगवलेली, 'इथे श्वास शिकवला जातो'. तू ती काढून दिव्याची प्लास्टिकची लावलीस तेव्हापासून कपाटामागे पडून होती. पाठीला अगदी बेताची आहे. त्यालाही गंमत वाटते.

मी बाहेरच्या खोलीत शिवते आणि कान आतल्या खोलीत असतो. चेन बसवताना दोनदा उलटी बसवली. गिऱ्हाईक म्हणालं, बाई, पँट मागून घालू का?

संकल्प करून बघितला. हात छातीवर ठेवला, डोळे मिटले, आणि पहिल्याच वेळेला बाबाने आतून हाक मारली. तर माझं राहू दे. मागणं एकच आहे आणि ते बाबाचं आहे. म्हणतो, "ती साऱ्या जगाला श्वास शिकवते. एकदा येऊन मला शिकव म्हणावं." चार दिवस ये. त्याला ते तुझ्याकडूनच हवंय. नर्सबाई, वरच्या मजल्यावरच्या, त्या दाखवतात ते व्यायाम तो करत नाही. म्हणतो, माझी मुलगी त्यातलीच आहे.

भिंगरी


२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र बैठकीच्या आधी हातात पडलं आणि तिथेच चुकलं. डोळे मिटले तर कानात ते मशीन घरघरायला लागलं, जे मी ऐकलेलंही नाही. मोठ्या बाईंच्या लक्षात आलं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्यांनी पत्र वाचायला मागितलं, मी दिलं. रागावू नकोस.

त्या म्हणाल्या, या पत्रात 'नाही' किती वेळा आलंय बघ. कमी झालेला नाही, फुगत नाहीत, करत नाही. घरात दिवसभर हेच बोललं जात असेल तर आजाऱ्याची छाती मोकळी होणार कशी? ऐकताना मला लागलं. पण विचार करता करता पटलं. तू जीव लावून करतेस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण तू काळजीच करतेस, आणि काळजी म्हणजे जे नको त्याचाच जप.

मला येता येणार नाही, भिंगरी. आत्ता उठले तर तिघींतल्या दोघी उरतील आणि मी पुन्हा कोणाच्या तरी गच्चीवर वर्ग घेत बसेन. नवरा गेला, घर गेलं, माझ्याकडे हे एवढंच आहे. तुला तुझं शिवणाचं मशीन आहे, गिऱ्हाईकं आहेत, बाबा आहेत.

सोबत पेनड्राइव्ह पाठवतेय. त्यात माझ्या आवाजात श्वासाचा पूर्ण सराव आहे. बाबांना रोज ऐकव. मोठ्या बाईंच्या मते समोर असणं आणि आवाज असणं यात काही फरक नाही.

आणि यापुढे तक्रारीचं पत्र नको. जे हवंय तेच लिही, पण झालंय असं धरून. 'बाबांचा श्वास मोकळा आहे.' लिहून तर बघ, लिहिणाराही त्याने सुधारतो. मीही ते तसंच वाचीन.

तुझी,
ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

माझं पत्र परक्या बाईला वाचायला दिलंस आणि वर म्हणतेस रागावू नकोस. मी रागावलेय. बाबा मात्र म्हणाला, असू दे, 'नाही' मोजायलाही माणूस लागतंच.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. तुझा आवाज आला. फार गोड झालाय, ओळखू येत नाही. 'तुम्ही आता स्वतःला जमिनीवर सोडून द्या. तुम्ही शांत आहात.' बाबाने मिटलेले डोळे उघडले. "तुम्ही? हे कोणाशी बोलतेय?" मी म्हणाले, सगळ्यांशी. "मग माझ्याशी कधी बोलणार?"

पुढे तू आडवं व्हायला सांगतेस, ते त्याला जमत नाही, म्हणून तो पाटीला टेकून बसला. मग तू श्वास रोखून धरायला सांगतेस. त्याने धरला. तुझी आज्ञा म्हणून अगदी प्रामाणिकपणे धरला. ओठ निळे पडले. मी जिन्यातून ओरडले, नर्सबाई धावत खाली आल्या, मशीन वाढवलं, पाठ चोळली. तो सावरल्यावर त्यांनी पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "हे जिने बनवलंय तिला एकदा या खोलीत आणून बसवा."

त्याच दिवशी तुझ्या ऑफिसात फोन केला. फोनवरच्या बाईंना सांगितलं, वडिलांना श्वास घेता येत नाहीये, ताबडतोब ये असं तिला सांगा. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "वाक्य जरा प्रसन्न करून दिलं तर चालेल ना?" मला वाटलं मीच काहीतरी भलतं ऐकलं.

डॉक्टर म्हणाले, उन्हाळा काढतील असं वाटत नाही. यातला 'नाही' डॉक्टरांचा आहे, तुझ्या मोठ्या बाईंना सांग.

ये, ताई. चार दिवस नको तर दोन दिवस ये. तुझी जागा जाईल हे मला कळतं. मी त्याला काही सांगितलेलं नाही, तू कामात आहेस एवढंच सांगते. तो रोज टपालाची वेळ झाली की शर्टाची बटणं लावून बसतो.

भिंगरी


२६ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र मी अर्धंच वाचलं. ओठ निळे पडले इथपर्यंत. मग घडी घालून ठेवून दिलं, कारण पुढे काय असणार ते मला पाठ आहे.

ऑफिसातून मला चिठ्ठी मिळाली. 'वडील प्रेमाने आठवण काढतात आणि भेटीची आनंदाने वाट पाहतात.' ही चिठ्ठी आणि तुझी पत्रं एकाच घरातून आलीत असं वाटत नाही. सांग, मी कशावर विश्वास ठेवू? शाळेत असताना तू माझ्या वर्गात धावत आली होतीस, बाबा शिडीवरून पडले म्हणून, आणि मी परीक्षा सोडून घरी आले तर ते अंगठ्याला पट्टी बांधून पत्ते पिसत बसले होते. तुला सगळं असंच मोठं दिसतं. आणि बाबाही तुझ्यासमोर जरा जास्त आजारी पडतात, कारण तू धावतेस.

पेनड्राइव्हचं ऐकून वाईट वाटलं. पण श्वास रोखणं सवयीने जमतं. तुम्ही दोघांनी तो एकदाच लावला असणार, खरं की नाही?

तुला वाटतं मी पळून आले. मग तसं म्हण ना. आजाराच्या आडून का म्हणतेस?

मी तुला सोपी गोष्ट सांगितली होती. ती जमत असेल तर लिही. तक्रारच करायची असेल तर पत्र नको पाठवूस, मी उघडणार नाही.

ताई


९ मार्च

ताई,

ठीक आहे. तू सांगितलंस तसं लिहिते. बाबाच्या शेजारी बसलेय. डोळे मिटले, दोन्ही, उजवा हात छातीवर ठेवला, तीनदा म्हणून झालं. आता मनापासून लिहितेय.

बाबाचा श्वास मोकळा आहे. मशीन बंद करून कोपऱ्यात लावलंय, त्यावर मी इस्त्रीचे कपडे रचते. बाबा आडवा झोपतो, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, पूर्वी झोपायचा तसा. घोरतो. पाटी त्याच्या पाठीमागून काढून भिंतीवर टांगलीय. सकाळी जिना उतरून खाली जातो आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याशी फुकटचा वाद घालून येतो. दुपारी ब्रश हातात घेतो. हात स्थिर आहे. न्हाव्याची नवी पाटी चाललीय, निळ्यावर पांढरी. अक्षरांची पोटं त्याला हवी तशी गोल आलीत. मी शिवत असते तेव्हा माझं सगळं लक्ष सुईकडे असतं.

तू आली आहेस. दारात चपला काढल्यास, पिशवी तशीच टाकलीस आणि सरळ आत त्याच्याजवळ जाऊन बसलीस. त्याला 'ए बाबा' म्हणालीस. तुझा हात त्याच्या पाठीवर आहे. तू सांगतेस तसा तो श्वास घेतोय, आत, बाहेर, आत. सगळ्यांकडे भरपूर वेळ आहे.

एवढं लिहिलं. एकही 'नाही' आलेला नाही, हा एक सोडून.

भिंगरी


१८ मार्च

माझी लाडकी भिंगरी,

काय लिहू? तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि मग सभेत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. दोघी तर रडल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, बघा, लिहिणारीचा सूर बदलला आणि घर बदललं. त्यांनी ते पत्र नव्या विद्यार्थ्यांसाठी उतरवून घ्यायला सांगितलंय. तुझं नाव कुठे येणार नाही, काळजी करू नकोस.

बाबा जिना उतरतात! आणि न्हाव्याशी वाद! मला ते जसंच्या तसं दिसलं. 'तू आली आहेस' तिथे तर माझा आवाजच गेला. म्हणजे शेवटी मी पोचलेच ना, त्या आवाजातून? तूच म्हणायचीस की आवाज म्हणजे माणूस नव्हे.

आता एक सांगते, आधी सांगितलं नव्हतं. मागच्या वेळी तुला ते फटकारून लिहिलं आणि मग चैन पडेना. तुझ्या पत्राचा उरलेला भाग काढून वाचला. डॉक्टर काय म्हणाले ते वाचलं. बटणं लावून बसतो ते वाचलं. सरळ मोठ्या बाईंकडे गेले आणि म्हणाले, मला जायचंय, जागा गेली तरी चालेल. त्यांनी हो म्हटलं. ती चढण सामानासकट उतरायची म्हणून एकच पिशवी भरली. येत्या गुरुवारची गाडी होती. आणि तुझं पत्र आलं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि पिशवी रिकामी केली. किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

बाबा बरे आहेत तेव्हा मी उन्हाळ्याचं शिबिर घ्यायला होकार दिलाय. त्यांना एक काम सांग. इथल्या नव्या दालनासाठी मला त्यांच्याच हातची पाटी हवी. निळ्यावर पांढरी चालेल.

रविवारपासून मौनाचा आठवडा, तेव्हा उत्तराला उशीर झाला तर समजून घे.

तुझीच,
ताई


२९ मार्च

ताई,

बाबा गेला. काल दुपारी, बसल्या बसल्या, पाटीला टेकून. मी शिवत होते. घरघर चालू होती म्हणून मला कळलं नाही, मशीन चालूच राहतं.

तुझं पत्र सोमवारी आलं. मी आधी एकटीने वाचलं आणि तडक खाली जाऊन तुझ्या ऑफिसात फोन केला. त्याच बाई होत्या. मी नाव सांगताच म्हणाल्या, "अभिनंदन, तुमचं पत्र आम्ही सगळ्यांनी ऐकलं." मी म्हणाले, वडील जायला टेकलेत, तिला आत्ता बोलवा. त्या म्हणाल्या, मौन आहे, रविवारी सुटेल. मी ओरडले. त्यावर त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, इतकं सुरेख लिहून झाल्यावर पुन्हा भीतीकडे का वळता?

मग वर आले आणि बाबाला पत्र वाचून दाखवलं. सगळं नाही. शिबिराचं गाळलं. पिशवीपाशी आले तेव्हा त्याने हात वर केला, थांब म्हणून. बोलायला त्याला आता फार वेळ लागायचा.

"पिशवी भरली होती?"

मी म्हणाले, हो.

"मग यायचीच होती."

पुढचं वाक्य मी त्याला वाचून दाखवलं नाही. पिशवी भरली होती, एवढ्यावर त्याने दोन दिवस काढले. नर्सबाईंनाही सांगितलं.

हे पत्र तुला कधी मिळेल ठाऊक नाही. कोणाला वाचायला देऊ नकोस.

भिंगरी


२० एप्रिल

भिंगरी,

परत पोचले. तुझ्या घरी काढलेल्या तीन दिवसांत तू माझ्याशी जेवायला ये आणि टॉवेल तिथे आहे याखेरीज बोलली नाहीस, म्हणून लिहितेय. नर्सबाई माझ्याकडे बघून जिना चढून गेल्या. न्हाव्याने मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणाले, मोठी मुलगी. तो म्हणाला, अच्छा, त्या.

तू मला फसवलंस. दुसरा शब्द मला सापडत नाही. मी पिशवी भरली होती. मी येत होते, ही जागा सोडून येत होते, मोठ्या बाईंना तोंडावर सांगून येत होते. तू लिहिलंस, श्वास मोकळा आहे. तू लिहिलंस, जिना उतरतो. निळ्यावर पांढरी पाटी, अक्षरांची पोटं. इतकं बारीक कोणी खोटं लिहितं का? मी त्या खोलीत गेले तर इस्त्रीचे कपडे खुर्चीवर होते आणि मशीनची नळी खिळ्याला अडकवलेली होती. मला बाबाचं तोंड बघायला मिळालं नाही. माझा बाबा होता तो, तुझ्या एकटीचा नव्हता.

मी तुला एक साधना शिकवली आणि तू तिचा सुरा केलास. मला धडा शिकवायचा होता ना तुला? शिकवलास. मला एवढंच सांग, लिहिताना तुला माहीत होतं ना, की मी विश्वास ठेवीन?

वर्षातले ते तीन दिवस मोठ्या बाईंनी धरले नाहीत. मुख्य शिक्षिका मीच होणार, असं काल सांगितलं. मी हसले नाही, त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

ती पाटी मला पाठव. दालनासाठी नको, माझ्या खोलीत लावीन. एवढं तरी मला मिळायला हवं.

ताई


२ मे

ताई,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण मला खरं लिहायचं होतं.

मी चिडून बसले होते, हे कबूल. कागद पुढे ओढला तेव्हा मनात होतं की हिला हवंय तसलंच लिहून तोंडावर मारावं. पहिली दोन वाक्यं तशीच लिहिली. बाबाने विचारलं, काय लिहितेस? मी वाचून दाखवलं, हसेल म्हणून. तो हसला नाही. म्हणाला, पुढे लिही. मग तो सांगत गेला. थांबत थांबत, एका श्वासाला दोन शब्द. कुशीवर झोपतो, लिही. गुडघे पोटाशी. न्हाव्याशी भांडण, लिही. निळ्यावर पांढरी, ते त्याचं. पोटं गोल आली, तेही त्याचं. इतकं बारीक कोणी खोटं लिहितं का म्हणतेस. खोटं नव्हतंच ते. त्याला ते हवं होतं, आणि त्याने ते तुझ्या नियमाने मागितलं, डोळे मिटून, हात छातीवर ठेवून. तुझ्या त्या टेकडीवर कोणी इतक्या मनापासून संकल्प केला असेल असं मला वाटत नाही. लिहून झालं तेव्हा माझाही राग गेला होता. पाकीट चिकटवताना मला खरंच वाटलं, की हे वाचून तू येशील. कुठलंही माणूस उठून येईल.

'तू आली आहेस' हे वाक्यही बाबाचं. ते मी लिहायला तयार नव्हते. मी म्हणाले, बाबा, ती आलेली नाही, असं कसं लिहू? तो म्हणाला, "तिचा नियम आहे ना? लिही."

तुला माहीत होतं का, असं मला विचारतेस. ताई, बाबाचा श्वास मोकळा आहे की नाही हे तुला तिथे बसून कळणार नव्हतं, मान्य. तो जिना उतरतो की नाही, मशीन बंद आहे की चालू, तुला कळणार नव्हतं. पण एका वाक्याचं खरं-खोटं करायला तुला कोणाला विचारायची गरज नव्हती. तू तिथे होतीस. टेकडीवर, तुझ्या कोऱ्या भिंतींच्या खोलीत, हातात पत्र धरून. आणि त्यात लिहिलं होतं की तू इथे बाबाजवळ बसली आहेस, तुझा हात त्याच्या पाठीवर आहे. ते वाचून तू पिशवी रिकामी केलीस.

सभेत ते वाचलंस. चार वेळा वाचलंस त्याआधी. तिथे आवाज गेला म्हणतेस. मला नेहमी वाटतं, आवाज गेला तेव्हा तुला कळलं होतं. पण कळून घेणं म्हणजे ती चढण उतरणं, आणि ती तुला नको होती. हे मी सिद्ध करू शकत नाही. तू मोठ्या बाईंना विचार, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

पाटी पाठवतेय, गोणपाटात शिवून. समोरची बाजू जशीच्या तशी आहे, फक्त 'श्वास' या शब्दाचा रंग त्याच्या पाठीने घासून गेलाय. पुन्हा रंगवू नकोस. खोलीतच लाव, म्हणाली आहेस तशी.

हवेचं मशीन काल परत नेलं. आता शिवताना ऐकायला काही नसतं, तरी कान आतच असतो.

शेवटी तुझ्यासाठी एक संकल्प. डोळे मिटले, हात छातीवर ठेवला, तीनदा म्हणून बघितलं, मग लिहितेय.

मी तुला माफ केलं आहे.

तू हे तसंच वाच.

भिंगरी